खाऱ्या पाण्याचा टँक: पांढरे ठिपके, वेल्वेट, फ्ल्यूक. औषधाआधी ओळख

भरतीओहोटी

मासा आजारी दिसला की पहिला प्रश्न येतो, "कोणतं औषध घालू?" त्याआधीचा प्रश्न असा असायला हवा: अंगावर आहे तो परजीवी कोणता, आणि त्याच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर औषध लागू पडतं? हे कळलं नाही तर महागातलं औषधही वाया जातं आणि मासाही जातो. म्हणून हा धागा. ज्यांना नक्की माहिती आहे त्यांनी प्रमाणांसकट लिहावं.

पांढऱ्या ठिपक्यांपासून सुरुवात करतो. या आजाराला इक म्हणतात. गोड्या पाण्यातला इक आणि खाऱ्या पाण्यातला इक यांचा नात्याने काही संबंध नाही. खाऱ्या पाण्यातला परजीवी म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. माशावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीच्या आत शिरून खात बसलेला ट्रोफॉन्ट. तो ३ ते ७ दिवस माशावर राहतो, मग बहुधा अंधारात माशाला सोडतो, तळाशी किंवा दगडावर जाऊन कवच करतो. हा टोमॉन्ट. कवचात त्याची फोड होत राहते आणि त्यातून शेकडो थेरॉन्ट पोहत बाहेर पडतात. एखादं कवच ३ दिवसांत फुटतं, एखाद्याला ४ आठवडे लागतात, थंड पाण्यात त्याहूनही जास्त. थेरॉन्टला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर तो मरतो.

तांबं असो, कमी क्षारता असो, क्लोरोक्विन असो, कातडीखालच्या ट्रोफॉन्टला यातलं काहीही फारसं लागत नाही. तांबं मारतं ते पोहणाऱ्या थेरॉन्टला. म्हणून "तिसऱ्या दिवशी ठिपके गेले, औषध लागू पडलं" हे चुकीचं आहे. ठिपके तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसेही जातात. पोट भरलेला परजीवी खाली उतरलेला असतो, पुढची पिढी काढायला.

सागरगोटा

चांगली सुरुवात. ओळखीचा भाग मी पुढे नेतो, कारण सगळ्यात जास्त मासे वेल्वेटला इक समजल्यामुळे जातात.

इकचे ठिपके मिठाच्या कणाएवढे, मोजता येतात. परांवर आधी दिसतात, आज इथे तर परवा तिथे. वेल्वेट म्हणजे अमायलोओडिनियम ओसेलाटम. याचे कण इतके बारीक की मोजायला जाल तर जमणार नाही, पिठी चाळणीतून भुरभुरावी तसा थर. समोरून लाइट असताना तो दिसतच नाही. खोलीतले दिवे बंद करा, टँकचा लाइट बंद करा आणि टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरून माशाच्या पाठीवरून प्रकाश सरकवा. माशाच्या अंगावर सोनेरी-करडी धूळ चमकली तर ते वेल्वेट.

पण धुळीची वाट बघू नका. वेल्वेट आधी कल्ल्यांत बसतं. मासा पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड देऊन उभा राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो, श्वास वाढतो. त्या वेळी अंग स्वच्छही असू शकतं. मासा आणल्यावर पहिल्या दिवशी, तो शांत असताना, एका मिनिटात कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजा आणि टँकवर चिठ्ठी लावा. पुढे तुलना त्या आकड्याशी करायची. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा असतो, नेटवरचा घेऊ नका.

वेल्वेटचा एक टोमॉन्ट फुटून २५६ पर्यंत डायनोस्पोर निघतात. मुंबईच्या कोमट पाण्यात चक्र जेमतेम ४-५ दिवसांचं. लक्षणं दिसल्यावर हातात एक-दोन दिवस असतात, त्याहून जास्त धरू नका.

शिंपला

माझा प्रश्न प्रत्यक्षातला आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले २ ऑसेलारिस क्लाउन मासे, क्वारंटाईन टँक ६० × ३० × ३८ सेंमीचा, स्पंज फिल्टर, पाणी २९ अंश. चौथ्या दिवशी मोठ्या क्लाउनच्या डोक्यापासून पाठीवर पांढरट साय धरल्यासारखी दिसते आहे, ठिपके नाहीत. आज दुपारी त्या सायीची एक पट्टी सुटून मागे लोंबत होती. श्वास जोरात. तांबं हाताशी आहे. सुरू करू का?

सागरगोटा

@शिंपला, तांबं नको! साय सोलून लोंबते आहे आणि मासा क्लाउन आहे, म्हणजे ब्रुकलिनेला हा परजीवी धरूनच चाला. ब्रुकलिनेला हॉस्टिलिस माशाच्या अंगावरच दुभागून वाढतो, खाली उतरून कवच करत नाही, आणि तांब्याला दाद देत नाही. तांब्यात वाट बघितलीत तर हातातले दोन दिवस जातील. इथे लागतं फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण. आज रात्रीच करा.

१. २० लिटरची बादली, त्यात नवीन कालवलेलं खारं पाणी, क्षारता आणि तापमान टँकइतकंच. २९ अंश फॉर्मेलिनला जास्त आहे. टँक आणि बादली दोन्ही आधी हळूहळू २६ वर आणा. पाण्यावर टेबलफॅनचा वारा आणि बाटलीतला बर्फ, दोन-तीन तासांत जमतं.

२. दोन एअरस्टोन जोरात. फॉर्मेलिन पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि कोमट पाण्यात तो मुळात कमी असतो.

३. ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन लिटरला ०.१५ मिलि, म्हणजे २० लिटरला ३ मिलि. सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, आधी मगभर पाण्यात मिसळा, मग बादलीत घाला. परदेशी लिखाणात लिटरला ०.२५ मिलि सापडेल. ते थंड पाण्याचं प्रमाण आहे, आपल्याकडे वापरू नका.

४. ४५ मिनिटं, समोर बसून. मासा उलटा पडला, धापा टाकू लागला तर तेवढ्यावर काढा.

५. बाहेर काढून दुसऱ्या टँकमध्ये सोडा, ज्यात नवीन पाणी आहे. जुन्या टँकमध्ये परत सोडलात तर पुन्हा लागण होणारच.

एक दिवसाआड तीन वेळा. दोन्ही मासे, आज चांगला दिसणाराही. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली टाका, तो पॅराफॉर्मल्डिहाइड असतो आणि माशाला जास्त विषारी. तुमच्यासाठी: हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. स्वयंपाकघरात हे काम करू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका.

शिंपला

धन्यवाद. फॉर्मेलिन रात्री मिळालं नाही तर?

सागरगोटा

तर ५ मिनिटांची गोड्या पाण्याची बुडी देऊन कल्ल्यांवरचा भार थोडा हलका करा, आणि मेट्रोनिडाझोल टँकमध्ये लिटरला साधारण ६ ते ७ मिलिग्रॅम, दर ४८ तासांनी, १० दिवस, प्रत्येक डोसआधी पाव टँक पाणी बदलून. गोळी नुसत्या मेट्रोनिडाझोलची हवी. आपल्याकडे ती नॉरफ्लॉक्सासिनसारख्या दुसऱ्या औषधाबरोबर एकत्रही मिळते, ती चालणार नाही. पावडर करून कोमट पाण्यात विरघळवा. फॉर्मेलिनइतकं वेगाने काम होत नाही, म्हणून सकाळी ते मिळवाच.

प्रवाळवेडी

बुडीबद्दल कुणीच नीट लिहीत नाही, म्हणून लिहिते. फ्ल्यूक (माशाला चिकटणारे चपटे किडे) ओळखायला याच्याइतकी सोपी चाचणी दुसरी नाही.

काळी किंवा गडद निळी बादली घ्या. पांढऱ्या बादलीत काही दिसत नाही. आरओचं पाणी, तापमान टँकइतकंच, अर्ध्या अंशाचाही फरक नको. आरओचा पीएच घसरलेला असतो. खायचा सोडा चिमूटचिमूट घालत ८.० ते ८.२ वर आणा. सोड्याने तो फार वर चढत नाही, त्यामुळे घाबरायला नको. अर्धा तास एअरस्टोन चालू ठेवा, मग मासा सोडा. पहिल्या मिनिटात बरेच मासे आडवे होतात किंवा धडपडतात, टँग जातीचे तर हमखास. पूर्ण ५ मिनिटं ठेवायचा प्रयत्न करा, पण कल्ले हलायचे थांबले तर लगेच खाऱ्या पाण्यात.

निओबेनेडेनियासारखे फ्ल्यूक माशावर पारदर्शक असतात, भिंगातूनही दिसत नाहीत. गोड्या पाण्यात तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते दुधाळ होतात. माशाच्या कडेला, डोळ्यावर तिळाएवढ्या पांढऱ्या चकत्या उमटू लागतात आणि एकेक करून सुटून तळाला जातात. मासा काढल्यावर बादली गोल फिरवा आणि थांबवा. मधोमध पांढऱ्या तिळांचा ढीग जमला तर निदान पक्कं.

बुडीने सगळे जात नाहीत आणि अंडी टँकमध्ये राहतात, चिकट धाग्यांनी जाळीला, स्पंजला अडकलेली. म्हणून पुढे प्राझिक्वांटेल (जंतांवरचं औषध, थोडक्यात प्राझी) लिटरला २.५ मिलिग्रॅम. @शिंपला यांच्या टँकचं खरं पाणी धरलं (३३ सेंमीपर्यंत, म्हणजे ६० × ३० × ३३ = ५९.४ लिटर) तर १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग. पाण्यात ते नीट विरघळत नाही. थोड्या शुद्ध इथेनॉलमध्ये किंवा व्होडकात खलून, मग पाण्यात हलवून घाला. प्राझी अंड्यांना मारत नाही, म्हणून ६-७ दिवसांनी दुसरा डोस लागतोच. डोसनंतर पाणी दुधाळ झालं तर जिवाणू वाढलेत, हवा वाढवा. मासे प्राझीने मरण्याऐवजी ऑक्सिजन संपून मरतात, आणि तेही रात्री.

भरतीओहोटी

@प्रवाळवेडी, उत्तम लिहिलंत. आता तांब्यावर सविस्तर, कारण इक आणि वेल्वेट दोन्हींवर मुख्य औषध तेच आहे आणि सगळ्यात जास्त चुका त्यातच होतात.

तांबं दोन प्रकारचं मिळतं. क्युप्रामीनसारख्या औषधात ते मोकळेपणाने काम करतं आणि ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर पुरतं. कीलेटेड तांबं, उदाहरणार्थ कॉपर पॉवर, रेणूत बांधलेलं असतं. त्याला २.० ते २.५ लागतं. पहिल्याचा आकडा दुसऱ्याला लावला तर परजीवी जगतो. दुसऱ्याचा पहिल्याला लावला तर मासा मरतो. बाटली हातात घेतल्यावर आधी हे वाचा.

कीलेटेड धरून हिशोब: लक्ष्य २.२५, पाणी ५९ लिटर, म्हणजे एकूण १३३ मिलिग्रॅम तांबं. बाटलीवर एका मिलित किती मिलिग्रॅम ते असतं, त्याने भागा. हे एकदम घालायचं नाही. पहिल्या दिवशी १.० पर्यंत, मग रोज थोडं वाढवत चौथ्या दिवशी २.२५. मासा पहिल्या दोन दिवसांत खाणं कमी करतो, ते चालतं. तिसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर वाढवणं थांबवा. फक्त वेल्वेट दिसत असेल तर मात्र चार दिवस थांबू नका, २४ तासांत वर न्या.

मोजणी रोज. रंग जुळवायच्या कागदाने २.० आणि २.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. हॅनाचा एचआय ७०२ हा ० ते ५ पर्यंत मोजणारा छोटा मीटर दोन्ही प्रकारांना चालतो. नळीवर बोटांचे ठसे, आत बुडबुडा, न विरघळलेली पावडर, या तीन कारणांनी आकडा चुकतो. शंका आली की पुन्हा मोजा, एका आकड्यावरून डोस वाढवू नका.

टँकमध्ये वाळू, जिवंत खडक, कोरलचा तुकडा, शिंपले काहीही नको. कॅल्शियम कार्बोनेट तांबं शोषतं आणि आकडा घसरत राहतो. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी पुरतात. पाणी बदललंत तर नव्या पाण्यात आधीच तांबं हवं. १५ लिटर बदललं तर १५ × २.२५ = ३४ मिलिग्रॅम, बादलीत मिसळून.

अमोनिया वाढला म्हणून अमोनिया बांधणारं द्रावण ओतू नका! यातली बरीच क्षपणकारक असतात. तांब्याला ती जास्त विषारी रूपात नेतात, क्युप्रामीनबरोबर तर विशेष. तांब्याच्या टँकमध्ये अमोनियावर उपाय एकच, पाणी बदलणं.

किती दिवस? ३० दिवस सलग २.० च्या वर. एक दिवस आकडा १.५ झाला तर मोजणी पहिल्यापासून, कारण त्याच दिवशी फुटलेल्या कवचातले थेरॉन्ट वाचलेले असतात. दुसरा मार्ग: १४ दिवस सलग पूर्ण पातळीत, मग मासा कोरड्या, स्वच्छ, दुसऱ्या टँकमध्ये. यामागचं कारण साधं आहे. माशावरचा ट्रोफॉन्ट ७ दिवसांच्या आसपास उतरतोच, आणि पुन्हा चढायला तांबं देत नाही. १४ दिवसांत मासा स्वच्छ असतो, घाण असतो तो टँक.

रापणकर

तांबं सगळ्यांना देऊ नका. मँडरिन, ईल, शार्क आणि रे यांना टाळा. आणि तांब्यातला स्पंज, जाळी, नळी पुन्हा कधीच रीफ (कोरलच्या) टँकमध्ये नाही. झिंगे आणि शंख अगदी थोड्या तांब्यानेही मरतात.

प्रवाळवेडी

मँडरिनसारख्यांसाठी, आणि इक असलेल्या कुठल्याही माशासाठी, औषधाविना जागाबदल ही पद्धत मला जास्त आवडते. इस्राएलमधल्या एलाटच्या केंद्रात अँजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात क्रिप्टोकॅरिऑनचं चक्र आणि त्याला तोडायचे मार्ग तपासले. त्यांच्या कामातून आलेला हा तर्क: कवच ३ दिवसांच्या आत फुटत नाही. म्हणून दर ७२ तासांच्या आत मासा नव्या कोरड्या भांड्यात हलवायचा. उतरलेले परजीवी मागे राहतात.

३० ते ४० लिटरचे दोन प्लास्टिक टब. पहिल्या दिवशी पहिल्या टबमध्ये, चौथ्या दिवशी दुसऱ्यात, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी बदल. तेराव्या दिवशीचा टँक शेवटचा. टबमध्ये हीटर, एअरस्टोन आणि पीव्हीसीचा एक तुकडा, एवढंच. मासा हलवताना जुनं पाणी शक्य तितकं कमी. रिकामा टब, हीटर, नळी, जाळी ब्लीचने धुऊन पूर्ण कडकडीत वाळवा, ओलं वापरलं तर सगळी मेहनत वाया. फिल्टर नसतो, म्हणून खाणं कमी द्या आणि अमोनिया रोज बघा. प्राझी द्यायची असेल तर चौथ्या आणि दहाव्या दिवशीच्या टबमध्ये. मधले सहा दिवस अंडी फुटायला बरोबर जुळतात.

उन्हाळ्यात ३० अंशांच्या पाण्यात कवचं लवकर फुटू शकतात. टब २५-२६ वर ठेवा, जमत नसेल तर ही पद्धत मे महिन्यात करू नका.

शिंपला

ही पद्धत वेल्वेटला चालते का?

प्रवाळवेडी

नाही. वेल्वेटचं चक्र त्याहून लवकर पूर्ण होऊ शकतं. ब्रुकलिनेलाला तर मुळीच नाही, तो माशाबरोबर टबमधून टबमध्ये जातो.

सागरगोटा

वेल्वेटला तांबं चढेपर्यंतच्या तासांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची बुडी उपयोगी पडते: लिटरला ७५ मिलिग्रॅम, ३० मिनिटं, वेगळ्या बादलीत, मग स्वच्छ तांब्याच्या टँकमध्ये. इथे एक धोका आहे. अमेरिकी कृतींमध्ये ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड गृहीत असतं, १० लिटरला २५ मिलि. आपल्या औषधाच्या दुकानात बहुतेक वेळा ६ टक्क्यांचं, बाटलीवर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं मिळतं. त्याचं प्रमाण १० लिटरला १२.५ मिलि. २५ घातलंत तर दुप्पट डोस होतो आणि आधीच भाजलेले कल्ले ते सोसत नाहीत.

क्लोरोक्विन फॉस्फेटही वेल्वेटवर चालतं, लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम. पण ते उजेडात आणि जिवाणूंमुळे विघटित होतं, आणि घरी मोजायची किट नाही. रास जातीच्या माशांना ते झेपत नाही असं बरेचदा दिसतं. गोळी घेतलीत तर लक्षात ठेवा, २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेटमध्ये मूळ क्लोरोक्विन १५० मिलिग्रॅम असतं. कोणता आकडा वाचता आहात हे बघितलं नाही तर डोस चुकतो. ते डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध आहे. तांबं मोजता येतं, म्हणून माझी पहिली पसंती तांबंच.

खवलेमंडळ

कमी क्षारतेबद्दल कुणी का लिहीत नाही? औषध नाही, खर्च नाही. सगळीकडे विशिष्ट गुरुत्व १.०१५ वर ठेवा म्हणतात.

भरतीओहोटी

@खवलेमंडळ, १.०१५ ला इक मरत नाही, फक्त माशाला थोडा आराम पडतो. उपचाराची पातळी १.००९, म्हणजे १२ पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात १२ भाग क्षार) आसपास. कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये सी ब्रीम माशांवर कमी क्षारता वापरून इक आटोक्यात आणल्याचं प्रसिद्ध केलं. १.०११ ला सुद्धा काही कवचं तग धरतात, म्हणून पॉइंटरवाला प्लास्टिकचा हायड्रोमीटर इथे चालणार नाही, तपासून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटरच हवा.

५९ लिटरच्या टँकला ३५ वरून १२ वर आणायचं तर ४८ तासांत पाच वेळा, दर वेळी साडेअकरा लिटर काढून तेवढंच आरओ घाला. क्षारतेबरोबर अल्कलिनिटीही (पीएच टिकवून धरायची पाण्याची क्षमता) पातळ होते आणि पीएच घसरतो. रोज मोजा, सोड्याने सावरा. स्पंजमधले जिवाणू आठवडाभर मंदावतात, तेव्हा अमोनियावर लक्ष. शेवटचा ठिपका दिसल्यानंतर ४ आठवडे. परत वर चढवताना घाई नको, दिवसाला २ ते ३ पीपीटी, म्हणजे नऊ-दहा दिवस. खाली येणं माशाला सोपं जातं, वर जाणं अवघड.

इकच्या काही वाणांना कमी क्षारता पुरत नाही, आणि वेल्वेटवर ती अजिबात लागू पडत नाही, ते खाडीच्या मचूळ पाण्यातही वाढतं. निदान पक्कं नसेल तर ही पद्धत निवडू नका. फ्ल्यूकवर मात्र छान चालते.

खवलेमंडळ

लसूण, क्लीनर श्रिम्प, यूव्ही?

सागरगोटा

लसणाने मासा खायला येतो कधीकधी, परजीवीला काही होत नाही. क्लीनर श्रिम्प फ्ल्यूकसारखं वरवरचं काही उचलेल, कातडीखालचा इक त्याला काढता येत नाही. यूव्ही त्यातून जाणाऱ्या पाण्यातलेच परजीवी मारतो, दगडावरची कवचं आणि माशावरचे जागेवरच. भार कमी करायला ठीक, उपचार म्हणून नाही. "रीफ सेफ" लिहिलेल्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. कोरलला न लागणारं आणि इकला मारणारं भरवशाचं औषध मला माहीत नाही.

प्रवाळवेडी

म्हणूनच मुख्य टँकमध्ये इक आला की सगळे मासे बाहेर आणि टँक माशांविना रिकामा. पूर्वापार आकडा ७६ दिवस. पाणी सलग २७ अंशांवर ठेवलं तर ४५ दिवस पुरतात असं आता बरेच अनुभवी लोक धरतात. घाई नसेल तर ७६ च करा. वेल्वेटला सहा आठवडे. कोरल, झिंगे, शंख आत राहू शकतात, त्यांना परजीवी लागत नाही. पण एक मासा जरी मागे राहिला, खडकात लपलेला गोबी मासा, तरी मोजणी सुरूच होत नाही. आणि या काळात नवीन फ्रॅग (प्लगवर चिकटवलेला कोरलचा तुकडा) किंवा शंख घातला तर मोजणी पुन्हा शून्यावर: फ्रॅगच्या प्लगवर, शंखाच्या पाठीवर कवच येऊ शकतं. कोरल डिपने ते मरत नाही.

हिरव्या क्रोमिस माशावर लाल चट्टा उठला असेल तर ते युरोनिमा मरिनम असण्याची शक्यता मोठी. तो माशाविनाही जिवाणू खाऊन जगतो, त्याला टँक रिकामा ठेवून फरक पडत नाही आणि तांबंही लागू पडत नाही. फॉर्मेलिनची बुडी आणि मेट्रोनिडाझोल, तेही चट्टा लहान असतानाच.

रापणकर

मालवण, वेंगुर्ला, गोव्याकडून समुद्राचं पाणी आणून वापरणाऱ्यांसाठी. त्या पाण्यात परजीवी आपोआप येतात. पावसाळ्यात, खाडीच्या तोंडाशी पाणी भरूच नका, क्षारता घसरलेली आणि गाळ. आणलेलं पाणी गाळून झाकणाच्या ड्रममध्ये अंधारात ठेवा. १०० लिटरला ४ टक्क्यांचं साधं, सुगंध नसलेलं ब्लीच २५ मिलि घाला, म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन. २४ तास राहू द्या, नंतर जोरात हवा सोडा. दुसऱ्या दिवशी क्लोरीन मोजून जेवढं उरलंय तेवढ्यापुरतंच सोडियम थायोसल्फेट, १ मिलिग्रॅम क्लोरीनला ७ मिलिग्रॅम. सगळ्या १० साठी आधीच ओतलंत तर थायोसल्फेट जास्त उरतं, आणि @भरतीओहोटी यांनी वर लिहिलंय तसं ते क्षपणकारक असतं, तांब्याशी जमत नाही. क्लोरीन शून्य आल्याशिवाय मासा नाही.

क्वारंटाईन टँक मुख्य टँकपासून ३ मीटर तरी लांब ठेवा. वेल्वेटचे डायनोस्पोर एअरस्टोनच्या तुषारांतून हवेने जातात हे प्रयोगात दिसलंय, पंख्याखाली तर आणखी लांब. काम आधी मुख्य टँकचं, मग क्वारंटाईनचं, उलटं नाही. आणि बॅटरीचा एअर पंप भरून ठेवा. फॉर्मेलिन किंवा प्राझी चालू असताना अर्धा तास वीज गेली तरी मासे मरायला पुरे.

शिंपला

फॉर्मेलिन मिळालं, २६ अंश, ३ मिलि, ४५ मिनिटं पूर्ण. दोन्ही आता दुसऱ्या टबमध्ये. पाण्यावर सायीचे तुकडे तरंगत होते. पुढचं वेळापत्रक बरोबर आहे का: परवा आणि त्यानंतर एक दिवसाआड आणखी एक, मग लगेच तांबं?

सागरगोटा

लगेच नाही. तिसऱ्या बुडीनंतर ५-६ दिवस स्वच्छ पाण्यात, कातडी भरून येऊ द्या, खाणं सुरू होऊ द्या. भिजवलेला मायसिस (बारीक झिंग्यांसारखं खाद्य) दिवसातून तीनदा, थोडा थोडा. दोन्ही नीट खात असतील तर मग प्राझीचे दोन डोस आणि त्यानंतर तांबं १४ दिवस. सायीचे तुकडे तरंगले ते सुटलेली कातडीच आहे, अपेक्षित आहे. बादलीतलं पाणी मोरीत ओता, कुंड्यांना नको. आज टबचा लाइट लावू नका, आणि रात्री ११ ला एकदा श्वास मोजून इथे लिहा.

शिंपला

मोठा ९६, छोटा ७४. पहिल्या दिवशीचे आकडे ७२ आणि ७०.

सागरगोटा

छोटा ठीक. टबमध्ये दुसरा एअरस्टोन टाका आणि सकाळी खायला घालायच्या आधी मोठ्याचा श्वास पुन्हा मोजा. ८५ च्या खाली आला तर परवाची बुडी ४५ मिनिटांची, नाही आला तर ३० ची.